गट केले, पण प्रश्न तोच ठेवला

पत्राचा सारांश : पत्रलेखक तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवतात. तिसरं वर्ष आहे. एफ.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात ७० च्या वर मुलं. या जुलैपासून त्यांनी आठवड्यातले दोन तास गटात काम करायला दिले. सहा-सहा मुलांचे गट आणि ‘व्यवहारातले’ प्रश्न. दोन महिन्यांनी चित्र असं आहे : प्रत्येक गटात एक जण गणित सोडवतो, बाकीचे उतरवून घेतात नाहीतर मोबाइल बघतात. काही मुलांनी प्राचार्यांकडे जाऊन सांगितलं, “सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात.” विभागप्रमुख म्हणतात पोर्शन मागे पडतोय. शेजारच्या वर्गाची आवाजाबद्दल कुरकुर आहे. सगळ्यात जास्त लागली ती एका मुलीनं फीडबॅकच्या कागदावर लिहिलेली ओळ : “गटात बसलं की मला काही येत नाही हे सगळ्यांना कळतं.” ते विचारतात, हे सोडून पुन्हा पहिल्यासारखं फळ्यावर शिकवायला लागू का? आमच्याकडच्या मुलांना हे झेपत नाही का? की मलाच जमत नाही?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सोबत जोडलेले ते चार कागद मात्र, गटांना दिलेल्या प्रश्नांचे, त्याहून जास्त वेळा वाचले. पत्रात तुम्ही मुलांबद्दल लिहिलंय, स्वतःबद्दल लिहिलंय, विभागप्रमुखांबद्दल तर बरंच लिहिलंय. त्या कागदांबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं घोळ तिथेच आहे.

पहिला कागद घ्या. ‘एका शेतकऱ्याकडे १०० मीटर तार आहे. जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत कोणता?’ आधी तार विकत घेऊन मग शेताचा आकार ठरवणारा शेतकरी मी तरी अजून पाहिलेला नाही, पण ते सोडा. हा प्रश्न ज्याला डेरिव्हेटिव्ह येतं तो चार ओळींत सोडवतो. त्याला गटाची गरज नाही. ज्याला येत नाही, त्याच्याकडे त्या चार ओळी उतरवून घेण्यापलीकडे काही काम नाही. तिसऱ्या कागदावर अ, ब, क, ड, इ, फ असे सहा उपप्रश्न आहेत आणि गटात मुलं सहा. मुलांनी काय केलं असेल? वाटून घेतले. तुम्ही त्याला कामचुकारपणा म्हणता. मी त्याला हिशेबीपणा म्हणेन. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

म्हणजे बाकं फिरवली, गट केले, पण प्रश्न तोच ठेवला, एकट्यानं सोडवायचा. गटाला द्यायचा प्रश्न असा हवा की तिघं बसले तर पहिल्या पाच मिनिटांत तीन उत्तरं यावीत, आणि तिन्ही वरवर बरोबर वाटावीत.

तुमचा भाग कोरडवाहू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून शेततळ्याचंच उदाहरण घेते. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल हे माप तुमच्या वर्गातल्या कित्येकांनी घरी ऐकलेलं असेल. बाजू उभ्या नसतात, उतरत्या असतात. उतार एकास एक धरला, म्हणजे एक मीटर खाली गेलं की प्रत्येक बाजू एक मीटर आत, तर तळाशी २४ बाय २४ उरतं. प्रश्न एवढाच : माती किती निघाली? खोदाईचं बिल घनमीटरवर निघतं.

सूत्र सांगायचं नाही. पुस्तक बंद. मी हा प्रश्न बऱ्याच वर्गांना दिला आहे आणि दर वेळी साधारण एकच नाटक होतं. एक जण म्हणतो, वरचं क्षेत्रफळ ९००, खालचं ५७६, सरासरी ७३८, गुणिले ३, झालं : २२१४. दुसरी म्हणते, मधल्या खोलीवर २७ बाय २७ असणार, ७२९ गुणिले ३, म्हणजे २१८७. दोघंही सरासरीच काढतायत. एक क्षेत्रफळांची, एक बाजूंची. कुणाची खरी? इथं वर्गात जो आवाज होतो तो शेजारच्यांना ऐकू जाणारच. तिसरा कुणीतरी, बहुतेक वेळा मागच्या बाकावरचा, म्हणतो की दोन्ही चूक, कारण तळं खाली निमुळतं होत जातं ते एका दमात मोजता येणार नाही, थराथरानं मोजावं लागेल. त्याला माहीत नसतं, पण त्यानं इंटिग्रेशनचं, म्हणजे पातळ थरांची बेरीज करण्याचं, दार ढकललेलं असतं. x खोलीवर बाजू ३० – २x. तिचा वर्ग, शून्यापासून तीनपर्यंत इंटिग्रेट करायचा. उत्तर २१९६.

आता फळ्यावर तीन आकडे लिहा. २२१४, २१८७, २१९६. पहिला १८ नं जास्त, दुसरा ९ नं कमी. बरोब्बर दुप्पट. “योगायोग आहे का?” एवढं विचारून पाच मिनिटं गप्प बसा. (हे सगळ्यात अवघड. मला शिकायला दहा वर्षं लागली.) कुणीतरी म्हणेल, मग दुसऱ्याचे दोन वाटे आणि पहिल्याचा एक वाटा घेतला तर चुका एकमेकींना खातील. करून बघा : २१८७ दोनदा, २२१४ एकदा, भागिले तीन. २१९६. हाच सिम्प्सनचा नियम. न्यूमरिकल मेथड्समध्ये आपण तो फळ्यावर लिहून देतो आणि मुलं १, ४, १ असं पाढ्यासारखं पाठ करतात.

आणि घरी जाता जाता एक : तळं अर्ध्या खोलीपर्यंत भरलं, म्हणजे पाणी अर्धं झालं का? ९७६.५ घनमीटर, पूर्ण पाण्याच्या जेमतेम ४४ टक्के. एका वर्षी हे उत्तर एका मुलानं आकडेमोडीशिवाय दिलं होतं, “निम्म्याला कमीच असणार मॅडम, खाली जागाच कुठंय.” त्यांचं स्वतःचं तळं होतं. तोवर पूर्ण सेमिस्टरभर त्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

आता प्राचार्यांकडे गेलेल्या मुलांबद्दल. तुम्ही ती तक्रार म्हणजे प्रयोग फसल्याचा दाखला धरलीत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना उत्तम व्याख्यान, निम्म्यांना तोच भाग गटात सोडवायला. चाचणीत गटातली मुलं पुढे होती. पण ‘आपण किती शिकलो’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांना वाटत होतं की आपणच जास्त शिकलो. कारण समजण्यासारखं आहे. हातखंडा माणूस फळ्यावर लिहीत जातो तेव्हा सगळं सोपं वाटतं, आणि ते सोपं वाटणं म्हणजे समजणं असं आपण धरून चालतो. स्वतः अडखळताना मात्र वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. तुमची मुलं खोटं बोलली नाहीत, त्यांना खरंच तसं वाटलं. पहिल्याच तासाला हे त्यांना सांगून टाकायला हवं होतं : “डोकं दुखेल, सर काही करत नाहीत असं वाटेल, दोन चाचण्यांनंतर बोलू.” अजूनही सांगता येईल.

तरीही त्या तक्रारीत अर्धं तथ्य आहे. तुमच्या पत्रावरून असं दिसतं की गटकार्याचा तास घंटा झाली की संपतो. उत्तरं गोळा, तास संपला. मग शिकवलं कधी? तुम्ही ‘गट की व्याख्यान’ असा निवाडा मागताय. मला ही दोन टोकं वाटतच नाहीत. फरक क्रमाचा आहे. आपण आधी सिद्धांत सांगतो, मग उदाहरण, मग शेवटी ‘उपयोग’. तो उलटा करा. आधी पंचवीस मिनिटं भांडू द्या, मग फळ्याकडे वळा आणि पंधरा मिनिटं झकास शिकवा. तेव्हा मुलांना प्रश्न पडलेला असतो, म्हणून ते पंधरा मिनिटांचं व्याख्यान नेहमीच्या तासाला भारी पडतं. शिकवू नका असं मी कधीच म्हणणार नाही. मला स्वतःला व्याख्यान द्यायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

‘आमच्याकडच्या मुलांना झेपत नाही’ या वाक्यापाशी मी थांबले. ‘आमच्याकडची मुलं’ हे शब्द मी स्टाफरूममध्ये तीस वर्षं ऐकले आणि काही वर्षं स्वतःही वापरले. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात यूरी ट्राइसमन नावाच्या तरुण गणितज्ञाला हाच प्रश्न पडला होता. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येनं नापास होत होती. सहकाऱ्यांना कारणं विचारली तर उत्तरं तयार होती : पाया कच्चा, घरी वातावरण नाही, जिद्द नाही, गरिबी. त्यानं मुलांबरोबर राहून, ती अभ्यास कसा करतात ते पाहिलं. ती कारणं टिकली नाहीत. मुलं मेहनत घेत होती, पण प्रत्येक जण एकेकटा. त्याच वर्गातली चिनी वंशाची मुलं मात्र संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत, कोण कुठं अडलंय हे त्यांना ठाऊक असे. ट्राइसमननं मग कच्च्या मुलांसाठी उजळणी वर्ग काढले नाहीत. उलट, नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती एकत्र बसून सोडवायला लावली. मुलं पास झाली, बरीचशी चांगल्या गुणांनी.

तुमच्या वर्गातली किती मुलं दुपारच्या एसटीनं गावी परततात? ती संध्याकाळी कुणाबरोबर गणित बोलतात? होस्टेलच्या मुलांना जे फुकट मिळतं ते या मुलांना फक्त तुमच्या तासाला मिळू शकतं. म्हणून सोपे प्रश्न देऊ नका. तुमचे चारही कागद मला या अर्थानं सोपे वाटले. मुलं ग्रामीण आहेत म्हणून शेतकरी घातला आणि गणित पातळ केलं. मुलांना ते कळतं.

व्यवहारातल्या प्रश्नांबद्दल आणखी एक सांगते, ते माझ्या चुकीतून. एका वर्षी मी गाडीच्या कर्जाचा प्रश्न दिला. ८०,००० रुपये, तीन वर्षं, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. हप्ता काढणं सोपं : व्याज २८,८००, एकूण १,०८,८००, भागिले ३६, महिना ३,०२२. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर, मग खरा दर किती? भूमिती श्रेणी मांडा, समीकरण हातानं सुटत नाही, न्यूटन-रॅफसन लावा, म्हणजे अंदाज धरून तो पायरीपायरीनं सुधारत न्या. उत्तर येतं वर्षाला २१ टक्क्यांच्या थोडं वर. गणित म्हणून हा प्रश्न सोन्यासारखा आहे, अजूनही देईन. पण त्या दिवशी एका मुलानं वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या घरच्या हप्त्याचे आकडे घालून पाहिले आणि मग पेन खाली ठेवलं. तासानंतर मला म्हणाला, “मॅडम, कागदावर सही मीच वाचून करायला सांगितली होती बाबांना.” मी काय बोलले ते आठवत नाही, काही उपयोगाचं बोलले नसेन. तेव्हापासून असा प्रश्न मी काल्पनिक आकड्यांवर देते, घरचे आकडे आणायला सांगत नाही, आणि ‘असा करार मुदतीआधी बंद करायचा तर काय विचारायचं’ हेही त्याच तासात घेते. खऱ्या प्रश्नाला खरी माणसं चिकटलेली असतात.

दूध डेअरीचा दरफलकही असाच वापरता येईल. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मूळ दर, मग पॉइंटागणिक वाढ-घट. तो तक्ता म्हणजे दोन चलांचं फलन भिंतीवर टांगलेलं असतं. एसएनएफ तेच ठेवून फॅट एका पॉइंटनं वाढवलं तर दर किती बदलतो, हे विचारलंत की पार्शल डेरिव्हेटिव्ह वेगळं शिकवावं लागत नाही. पण प्रत्येक गोष्टीत गाय-म्हैस आणायचा अट्टहास नको. ग्रुप थिअरीत म्हशी बांधू नका. शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ… हे एकाइतकंच की एकाहून किंचित कमी, यावर एफ.वाय.ची मुलं तासभर हमरीतुमरीवर येतात, आणि त्यात व्यवहार औषधालाही नाही. एक चुकीची सिद्धता द्या आणि चूक शोधा म्हणा. वाद पेटला पाहिजे, एवढंच.

आता करायचं काय? सोडून द्यावं हा एक पर्याय, आणि तो लाजिरवाणा नाही. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, दर वर्षी नेमणूक नव्यानं होते, प्राचार्यांच्या टेबलावरची तक्रार तुम्हाला जितकी महाग पडते तितकी कायम प्राध्यापकाला पडत नाही. हुतात्मा होण्याचा सल्ला मी देणार नाही. आहे तसंच रेटणं हा दुसरा, तो मात्र नको. मला वाटतं, आवरतं घ्या. ७० मुलांच्या व्याख्यानाच्या तासातून गट काढून टाका आणि प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये न्या. तिथं मुलं कमी असतात, वेळ जास्त असतो, पोर्शनचा धाक कमी, आणि मुलांनी काहीतरी ‘करणं’ तिथं अपेक्षितच असतं; तक्रार कशाची करणार? एका सेमिस्टरला चार किंवा पाच प्रश्न, जास्त नाहीत. दोन क्रेडिटची थिअरी म्हणजे ३० तास. त्यातले दोन-तीन तास गेले तरी आभाळ कोसळत नाही, पण आठवड्याला दोन म्हणजे फारच झाले. इथं विभागप्रमुखांचं बरोबर आहे.

गट तिघांचे करा. सहा जणांत तिघं लपतात, तिघांत लपायला जागा नसते. गट मुलांना निवडू देऊ नका आणि तुम्हीही निवडू नका. पत्ते वाटा, चिठ्ठ्या काढा, दर वेळी नव्यानं. हुशार-कच्चा असं मिश्रण तुम्ही हातानं केलंत की कोण कुठल्या खात्यात आहे ते मुलं पहिल्याच दिवशी ओळखतात. फक्त दोन मुलगे आणि एक मुलगी असा गट पडला, तर निदान सुरुवातीच्या काही तासांना, चिठ्ठी बदला. लहान गावात त्या मुलीला तो तास जड जातो. बाकं जमिनीला ठोकलेली असली तर उभंच करा : फळा, खिडकीच्या काचा, भिंतीला चिकटवलेले जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद. उभी मुलं मोबाइल कमी बघतात.

प्रत्येक गटाला पेन एकच. ज्याच्या हातात पेन, त्यानं स्वतःच्या डोक्यातलं लिहायचं नाही, बाकीचे दोघं सांगतील तेच लिहायचं, दर दहा मिनिटांनी पेन बदलायचं. शेवटी तिघांपैकी कुणालाही उठवून विचारा. कोण ते तुम्ही त्याच क्षणी चिठ्ठीनं ठरवा. एकट्या हुशाराला मग बाकीच्यांना समजावल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. गटातून कुणी तुम्हाला प्रश्न विचारला तर शेजारच्या मुलाला विचारा, “यानं काय विचारलं?” त्याला सांगता आलं नाही तर “आधी आपसात बोला” म्हणून पुढे चला. गुण मात्र गटाला देऊ नका. गुण एकेकट्याला, आणि इंटर्नलमध्ये तळ्यासारखा एक तरी प्रश्न घाला, नाहीतर मुलं बरोबर ओळखतात की हे सरांचं हौसेचं काम आहे.

विभागप्रमुखांना अभ्यासांचे आकडे दाखवायला जाऊ नका. आकडे आहेत, २०१४ साली २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२. माहिती असू द्या. पण वरिष्ठाला तरुण माणसानं अमेरिकेचे आकडे ऐकवणं आपल्याकडे कधी कामी आलेलं मी पाहिलं नाही. त्यापेक्षा त्यांच्याकडेच प्रश्न मागायला जा. “सर, तुमच्या काळी मुलं हमखास चुकायची असं एखादं गणित सांगा, ते गटांना देतो. वीस मिनिटं येऊन बघाल का?” पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाकडे मुलांच्या चुकांचा जो साठा असतो तो कुठल्याच पुस्तकात नसतो. माझ्या विभागप्रमुखांकडे तो होता आणि मी तो मागायला त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी गेले. शेजारच्या वर्गाच्या मॅडमना आधी सांगून ठेवा, कुठल्या वारी आवाज होणार ते. बहुतेकांचा राग आवाजाचा नसतो, न सांगण्याचा असतो.

राहिली ती मुलगी. तुम्ही तिची ओळ गटकार्याविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलीत. मला ती वेगळी वाचावीशी वाटली. व्याख्यानाच्या तासालाही तिला काही येत नव्हतंच, फक्त ते कुणाला कळत नव्हतं. तुम्हालाही नाही. आता कळलंय. पण उघडं पडण्याची भीती खरी असते, म्हणून दोन गोष्टी करा. प्रश्न दिल्यावर पहिली तीन मिनिटं गटात बोलणं बंद. प्रत्येकानं आपापल्या वहीत काहीही लिहायचं, आकृती, अंदाज, ‘मला अमुक कळत नाही’ हेसुद्धा. म्हणजे ती रिकाम्या हातानं गटात येणार नाही. आणि पुढच्या तासाला चिठ्ठीबिठ्ठी न करता पहिलं पेन तिच्या हातात द्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, की पेन ज्याच्या हातात, त्यानं कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. कळलं नाही तर “परत सांग” म्हणायचं, कितीही वेळा, आणि सांगणाऱ्यानं सांगायचं.